पेट्रोल जास्त झाल्याने अडलेले इंजिन कसे सुरू करावे

स्टार्टर व्यवस्थित फिरतो, इंजिन मात्र पेट घेत नाही आणि पेट्रोलचा उग्र वास येऊ लागतो, तेव्हा सिलिंडरमध्ये गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जाऊन स्पार्क प्लग ओले झाले असण्याची शक्यता मोठी असते. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने साधारण १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल असे मिश्रण लागते. थंड इंजिनाला याहून अधिक पेट्रोल लागते हे खरे, परंतु ओल्या प्लगवर ठिणगीच नीट पडत नाही. पुन्हा पुन्हा चावी फिरवल्याने आणखी पेट्रोल आत जाते आणि बॅटरीही उतरते, म्हणून आधी थांबावे. (इंजिनात पुराचे पाणी शिरले असेल, तर पुढचे काहीही करू नये, स्टार्टर फिरवल्यास कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो.)

दिवे, पंखा आणि एसी बंद करून, बोनेट उघडून १५ ते २० मिनिटे जाऊ द्यावीत. जवळपास कोणतीही ज्योत किंवा पेटती सिगारेट नसावी.

त्यानंतर हँडब्रेक ओढून, गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल एकदाच सावकाश तळापर्यंत दाबावे आणि ते तसेच धरून चावी फिरवावी. कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोलचे मिश्रण करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या यंत्राच्या) गाडीत चोक (थंड इंजिनासाठी हवा कमी करणाऱ्या झडपेची खुंटी) आधी पूर्ण आत ढकलावा आणि पेडल वर-खाली मुळीच करू नये, कारण तसे केल्यास दर दाबासरशी पेट्रोलची पिचकारी आत सुटते. इंजेक्शनच्या (इंजेक्टर पेट्रोल फवारतात अशा) बहुतेक गाड्यांमध्ये पेडल पूर्ण दाबलेले असताना स्टार्टर फिरवला, तर संगणक इंजेक्टर बंद ठेवतो आणि आत फक्त हवा जाते. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीची रीत वेगळी असू शकते, ती माहितीपुस्तिकेत पाहावी. स्टार्टर एका वेळी १० सेकंदांहून अधिक फिरवू नये, आणि दोन प्रयत्नांमध्ये त्याला निदान एक मिनिट निवू द्यावे. इंजिनाने पेट घेताच पाय हळूहळू उचलावा, नाहीतर ते एकदम भरधाव फिरते. सुरुवातीला थोडा काळा धूर येईल, त्याने घाबरून इंजिन बंद करू नये.

तीन-चार प्रयत्नांनंतरही यश आले नाही, तर प्लग काढून कोरड्या फडक्याने पुसावेत आणि पूर्ण वाळल्यावर पुन्हा बसवावेत. प्लग काढलेले असताना स्टार्टर फिरवण्याचा मोह टाळावा. उडालेल्या पेट्रोलच्या तुषारांना ठिणगी लागली तर आग भडकते. गाडी ढकलून सुरू करणेही मला योग्य वाटत नाही, कारण न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातील विषारी वायू कमी करणाऱ्या भागात) जाऊन तेथे पेटल्यास तो अतिशय तापून निकामी होतो.

इंजिन सुरू झाले की ते पूर्ण गरम होईपर्यंत चालू ठेवावे. नंतर डिपस्टिक (इंजिन ऑइलची पातळी पाहण्याची पट्टी) काढून पाहावी. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा त्याची पातळी वाढली असेल, तर ते पातळ झाले आहे असे समजून लवकर बदलावे.

थंड गाडी चार पावले हलवून लगेच बंद करणे, हे या त्रासाचे नेहमीचे कारण आहे. तसे काही घडलेले नसतानाही तो वारंवार होत असेल, तर गळका इंजेक्टर, बिघडलेला तापमान सेन्सर किंवा अडकलेला चोक यांची तपासणी मेकॅनिककडून करून घ्यावी.