जुन्या जोडीसाठी कंट्री युगुलगीत कसं बांधावं

कंट्री या अमेरिकन लोकप्रिय संगीतप्रकारातले गायक जॉर्ज जोन्स आणि गायिका टॅमी वायनेट यांचा घटस्फोट १९७५ साली झाला, तरी १९८० आणि १९९५ मध्ये त्यांचे एकत्र गायलेले अल्बम आले. अशा जोडीसाठी गाणं बांधायचं तर आधी पट्टी ठरवा. जुन्या रेकॉर्डवरची पट्टी गृहीत धरू नका; वयाबरोबर वरचे सूर सहसा आटतात. दोघांना वेगवेगळं गायला लावून सहज लागणारा सर्वांत वरचा आणि खालचा सूर लिहून घ्या.

एकाच पट्टीत दोघांना पूर्ण कडवं दिलं की एकाचा आवाज घुसमटतो. म्हणून पहिलं कडवं त्याच्या पट्टीत, दुसरं तिच्या. मधल्या चार बारमध्ये (बार म्हणजे ठोक्यांचं एक आवर्तन) पेडल स्टील गिटारवर, म्हणजे पायाच्या पेडलने सूर ओढता येणाऱ्या आडव्या गिटारवर, पट्टी बदला. ध्रुवपदात ज्याला चाल सोपी जाते त्याने ती धरावी, दुसऱ्याने चालीच्या सुरापासून वर किंवा खाली तिसऱ्या सुरावर राहावं. लय मिनिटाला ७० ते ८० ठोके पुरे.

शक्यतो समोरासमोर उभं करूनच रेकॉर्ड करा. श्वास आणि नजर जुळते, आणि या गाण्याचा जीव तिथेच आहे. कार्डिऑइड माइक (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा) तोंडापासून एक वीत, दोन माइकमध्ये किमान तीन विती. कमी ठेवलं तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकात शिरून दोन्ही पोकळ वाटतात.

सर्वांत जास्त बिघडतं ते ओळीच्या शेवटी. शेवटचं व्यंजन कोणत्या ठोक्यावर मिटायचं, ते कागदावर खूण करून ठेवा. लांबवलेल्या सुरावर दोघांचं कंपन भिडत असेल, तर एकाने सूर सरळ धरावा.