आदिवासी कुटुंबाचं मूल बालकल्याण समितीपुढे गेलं, तर संस्थेच्या वकिलाने काय करायचं

विदर्भातल्या आदिवासी कुटुंबांसाठी काम करणाऱ्या संस्थेत वकील म्हणून जाणार असाल, तर आधी करार नीट वाचा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 49 प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरीत असलेल्या वकिलाला वकिली करता येत नाही. म्हणून पगार नको, प्रत्येक प्रकरणाची फी किंवा रिटेनर (ठरावीक काळाची बांधलेली फी) ठरवून लेखी घ्या.

वकीलपत्र कोणाचं, हेही पहिल्याच दिवशी ठरवा. संस्था म्हणते मूल बालगृहात राहू द्या, आई म्हणते घरी द्या, अशी वेळ येते. तेव्हा दोघांच्या वतीने उभं राहता येत नाही. आईचं वकीलपत्र घेतलं, तर तिने सांगितलेलं तिला विचारल्याशिवाय संस्थेच्या बैठकीत बोलायचं नाही. तिला वेगळा वकील हवा असेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून द्या. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 खाली अनुसूचित जमातीची व्यक्ती, स्त्री आणि मूल यांना मोफत वकील मिळतो.

आता मुदती. बाल न्याय अधिनियम 2015 प्रमाणे सापडलेलं मूल, प्रवासाचा वेळ सोडून, 24 तासांत बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलाला कुठे ठेवायचं हे ठरवणाऱ्या समितीपुढे, हजर व्हावं लागतं. सामाजिक तपासणी अहवाल (मुलाच्या घरची परिस्थिती पाहून केलेला) 15 दिवसांत आणि अंतिम आदेश पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत. खरी लढाई त्या पहिल्या 15 दिवसांची असते. अहवालात एकदा 'पालक आढळून आले नाहीत' असं लिहून गेलं, की पुढची प्रत्येक तारीख त्या वाक्याच्या मागे चालते.

मेळघाटातलं कोरकू जोडपं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतं, लेकरू आजीजवळ राहतं. ते बडनेरा स्टेशनवर एकटं सापडलं, तर कागदावर ते बेवारस. पण आईबाप पोटासाठी बाहेरगावी गेले, एवढ्याने मूल कलम 2(14) मध्ये, म्हणजे 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल' या व्याख्येत, बसत नाही. मूल कोणाच्या सांभाळात होतं आणि ती व्यक्ती सांभाळायला सक्षम आहे का, हा प्रश्न समितीपुढे मांडा. मूल दुसऱ्या जिल्ह्यात सापडलं असेल, तर कलम 95 खाली प्रकरण घरच्या जिल्ह्याच्या समितीकडे पाठवण्याचा अर्ज लगेच द्या.

त्यासाठी सगळ्यात आधी नात्यांचा तक्ता करा. एक फुलस्केप कागद घ्या, घरच्यांजवळ बसा. प्रत्येक माणसाचं नाव, वय, घर कुठे, मुलाला जेवू कोण घालतं, कधीपासून, आणि नातं त्यांच्या भाषेतल्या शब्दात व शेजारी मराठीत. मराठी बोलणाऱ्यांतही घोटाळा होतो. मूल 'मोठी आई' म्हणतं ती बापाच्या मोठ्या भावाची बायको. अहवालात नुसतं 'आई' उतरलं, की एका पानावर 'आई घर सोडून गेली' आणि दुसऱ्यावर 'आईजवळ राहतो', आणि समितीला वाटतं घरचे खोटं बोलतात. कोरकू, माडिया, कोलामी या भाषा मराठीपासून फार दूरच्या आहेत. दुभाषा लेखी अर्ज करून मागा. आश्रमशाळेच्या अधीक्षकाला किंवा नातेवाइकाला ते काम देऊ नका.

पुरावे गावातच असतात: अंगणवाडीचं हजेरी आणि वजनाचं रजिस्टर, शाळेचं दाखल-खारीज, रेशन कार्ड, रोजगार हमीचं जॉब कार्ड. ग्रामसभेचा ठराव घेता येतो, पण 'सदर मुलाचा सांभाळ आजी करते' एवढ्या ओळीने काही साधत नाही. पोडावर किंवा टोल्यावर (आदिवासी वस्तीवर) कोण, कधीपासून, काय करतं, हे त्यात यायला हवं. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका असेल, तर ग्रामसभेकडे जायचंच नाही. मुलाची ओळख फुटते, आणि पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) खाली खबर देणं सगळ्यांवर बंधनकारक आहे. 'घरचं प्रकरण' म्हणून ते मिटवायला वकिलाने मदत करू नये.

समितीत वकिलाला बसू देत नसतील, तर अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट 1961 चं कलम 30 (वकिलाचा वकिली करण्याचा हक्क) लेखी अर्जात टाका, वाद घालत बसू नका. काळा कोट बाहेर ठेवा, लेकरू बिचकतं. उलटतपासणीचा सूर लावू नका. आदेशावरच्या सह्या मोजा: अंतिम आदेशाला किमान तीन सदस्य लागतात. एकटा सदस्य मुलाला तात्पुरतं कुठे ठेवायचं एवढंच ठरवू शकतो.

मागणी स्पष्ट ठेवा: मूल पालकांच्या ताब्यात द्यावं, नाहीतर आजीला 'योग्य व्यक्ती' (कायद्यातला 'फिट पर्सन') ठरवून तिच्याकडे. सोबतच पैशाचीही मागणी करा. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेची प्रायोजकत्व मदत (मूल घरीच वाढावं म्हणून मिळणारे पैसे) महिन्याला 4000 रुपये आहे. नाहीतर राज्याची बाल संगोपन योजना. आजीचं बँक खाते नसेल तर ते त्याच आठवड्यात उघडा.

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला, की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता बंद. आई तारखेला पोचली नाही, तर रोजनाम्यावर 'पालक गैरहजर' येतं आणि तीन वेळा आलं की 'पालकांना रस नाही' असं वाचलं जातं. म्हणून तारखेआधीच पुरशिस (लेखी निवेदन) द्या, कारण लिहा, व्हिडिओवर ऐकण्याची विनंती करा. लहान मुलात हे जास्त जपा. परित्यक्त (पालकांनी टाकून दिलेलं) ठरलेलं दोन वर्षांपर्यंतचं मूल दोन महिन्यांत, त्याहून मोठं चार महिन्यांत दत्तकासाठी मोकळं जाहीर होऊ शकतं. आईने स्वतः मूल सोपवण्याच्या कागदावर अंगठा दिला असेल, तर फेरविचाराला दोन महिने आहेत, हे तिला तिच्या भाषेत समजवा.

चुलत्याने किंवा मामाने वाढवलेल्या मुलासाठी हिंदू दत्तक कायद्याखाली दत्तकपत्र करू नका. केंद्राची वेगळी अधिसूचना नसेल, तर तो कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. पालकत्वासाठी पालक व पाल्य अधिनियम 1890 खाली जिल्हा न्यायालयात जा.

आदेश विरोधात गेला, तर नकलेचा अर्ज त्याच दिवशी द्या. अपील 30 दिवसांत बाल न्यायालयात, प्रतिपालकत्व (दुसऱ्या कुटुंबात तात्पुरता सांभाळ) आणि प्रायोजकत्वाचं मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडे. पुढे उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ.

मूल घरी आलं, की आदेशाच्या तीन झेरॉक्स काढा: एक आजीजवळ, एक अंगणवाडीत, एक शाळेत. पुढच्या वर्षी आईबाप पुन्हा कामाला जातील, तेव्हा कोणी विचारायला आलं तर आजीने तो कागद काढून दाखवावा.