प्रकाशकाचं उत्तर वाचा, प्रस्तावातली चूक सापडेल

पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशनात बाहेरून आलेले पुस्तकांचे प्रस्ताव पहिल्यांदा वाचायचं काम माझ्याकडे आहे. नकार देताना आम्ही सगळे गुळगुळीत बोलतो, ‘सध्या यादी भरलेली आहे’ वगैरे. पण त्या गुळगुळीत वाक्यांतही फरक असतो. कोणतं वाक्य तुमच्या वाट्याला आलं, त्यावरून बिघाड कुठे आहे ते बऱ्यापैकी ओळखता येतं. मी इथे मुख्यतः ललितेतर पुस्तकांबद्दल बोलतोय. कथा-कादंबरीला पूर्ण संहिताच लागते, तिथे प्रस्तावाने फारसं भागत नाही.

उत्तरच आलं नाही

बहुतेक वेळा प्रस्तावासोबतचं पत्रच नडतं. मध्यंतरी आलेल्या एका पत्राची सुरुवात थोडी बदलून देतो:

‘स. न. वि. वि. मला लहानपणापासून लेखनाची आवड आहे. माझ्या कविता अनेक दिवाळी अंकांतून प्रसिद्ध झाल्या आहेत. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो असून महाराष्ट्राच्या समृद्ध जलपरंपरेवर पुस्तक लिहिले आहे. ते सर्व वयोगटांतील वाचकांना आवडेल अशी खात्री आहे. तरी आपल्या नामांकित संस्थेने…’

पत्र बाजूला पडलं होतं. पण ‘पाटबंधारे’ हा शब्द डोक्यात राहिला म्हणून फोन केला. तेव्हा कळलं, की या गृहस्थांनी सातारा आणि पुणे जिल्ह्यांतल्या साठेक बारवांची, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींची, स्वतः टेप लावून मापं घेतलीत, हाताने आराखडे काढलेत. पत्रात त्याचा उल्लेखही नव्हता! कविता मात्र दुसऱ्याच वाक्यात. आम्ही त्यांना सुरुवात बदलायला सांगितली. त्यांनी लिहिलं:

‘सातारा आणि पुणे जिल्ह्यांतल्या ६३ बारवा मी मोजल्या आहेत. खात्यात ३१ वर्षं काढल्यामुळे बारवेत पाणी कुठून येतं आणि का आटतं, ते पायऱ्या उतरतानाच लक्षात येतं. त्यांपैकी २० बारवांची हकिकत, प्रत्येकीचा आराखडा आणि तिथे पोचायचा रस्ता असं हे पुस्तक आहे.’

माणूस तोच, विषयही तोच. पण आता पुस्तक डोळ्यांसमोर उभं राहतं आणि ते दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही हेही कळतं. आवड, खात्री, नामांकित, समृद्ध हे शब्द पत्रातून काढून टाका. त्यांच्याखाली काय उरतं ते पाहा. काहीच उरलं नाही, तर प्रस्ताव पाठवायची वेळ अजून आलेली नाही.

दुसरं कारण फुटकळ, पण हमखास आढळणारं. एकच मेल दहा प्रकाशकांना जातो आणि दहाही पत्ते वर दिसतात. किंवा पत्रात आमच्याऐवजी शेजारच्या प्रकाशनाचं नाव राहून गेलेलं असतं. दिवाळीआधीचे दोन महिने तर कुणाला काही पाठवूच नका. अंक आणि नव्या पुस्तकांच्या धावपळीत ते वाचायला कुणाला सवड नसते.

‘विषय चांगला आहे, पण…’

या ‘पण’च्या पुढे ‘घेणार कोण?’ हा प्रश्न असतो, तो आम्ही तोंडावर विचारत नाही. ‘सर्व वयोगटांतील वाचक’ दुकानात येत नाहीत. बारवांच्या पुस्तकाचे गिऱ्हाईक सांगता येतात: रविवारी गाडी काढून भटकणारे, गावातल्या बारवेची सफाई करणारे गट, आर्किटेक्चरचे विद्यार्थी, आणि ज्या गावांत या बारवा आहेत तिथली वाचनालयं. असे तीन-चार गट नेमके लिहा. तुमचा त्यांच्याशी संबंध असेल, कुठे व्याख्यानं दिली असतील, तर तेही सांगा. फेसबुकवर पाच हजार मित्र आहेत म्हणजे पाच हजार प्रती खपल्या असं कुणी धरत नाही.

‘या विषयावर मराठीत एकही पुस्तक नाही’ हे वाक्य लिहूच नका. समोरच्याने त्या विषयावरचं पुस्तक स्वतः छापलेलं असण्याची शक्यता बरीच असते. दोन-तीन पुस्तकांची नावं द्या, ती कुठे थांबतात आणि तुमचं कुठून सुरू होतं ते चार ओळींत सांगा. स्पर्धा दाखवली तर प्रकाशक घाबरेल, असं लेखकांना वाटतं. खरं तर आधीचं पुस्तक खपलेलं असेल, तर त्याला धीरच येतो.

‘साधारण किती पानं होतील?’

हा फोन आला तर खूश व्हा, पण तो करावा लागला ही उणीवच. प्रस्ताव असा हवा, की प्रकाशकाला जागच्या जागी हिशोब मांडता यावा. ‘ए-फोरची ४१२ पानं’ यावरून काहीच कळत नाही, कारण कुणी १८ पॉइंटात टाइप करतं, कुणी १२ मध्ये. शब्दसंख्या द्या. डेमी, म्हणजे नेहमीच्या पुस्तकाच्या आकाराच्या पानावर साधारण ३०० शब्द मावतात आणि १६ पानांचा एक फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं. म्हणजे ४८,००० शब्दांची १६० पानं, सरळ दहा फर्मे. आता त्याला कागद, छपाई, किंमत यांचा अंदाज येतो. फोटो किती, रंगीत किती आणि ते साध्या कागदावर चालतील का, हेही लिहा. रंगीत फोटोंनी अनेक चांगली पुस्तकं रखडवली आहेत.

फाइल युनिकोडमध्येच पाठवा. जुन्या फॉन्टमधली फाइल आमच्या फोनवर उघडली, की नुसती चिन्हं दिसतात. जुन्यातून युनिकोडमध्ये आणली असेल तर डोळ्यांत तेल घालून तपासा. एका नमुना प्रकरणात ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ सगळीकडे ‘सह्याद्रीच्या दर्या’ झाल्या होत्या. डोंगरात समुद्र आला, तेही पहिल्याच पानावर.

नमुना म्हणून मनोगत पाठवू नका, मान्यवरांची प्रस्तावना तर नकोच. पहिलं प्रकरणही बहुधा कामाचं नसतं, कारण लेखक तिथे वेदकाळापासून सुरुवात करतात. मधलं, तुमचं सगळ्यांत जमलेलं प्रकरण द्या. सोबत प्रत्येक प्रकरणात काय आहे ते तीन-चार ओळींत. ‘प्रकरण ४: पाणी’ याला अनुक्रमणिका म्हणता येईल, आराखडा नाही.

‘परवानग्या घेतल्या आहेत ना?’

सर्वांत जास्त श्रम अनुवादात वाया जातात. तीनशे पानं अनुवादून झाल्यावर लोक विचारतात, आता परवानगी कशी काढायची? मराठीचे हक्क तोवर दुसऱ्याने घेतलेले असू शकतात. आधी हक्कांची चौकशी करा, मग एक प्रकरण अनुवादून प्रस्ताव द्या. हक्क मिळवायचं काम पुष्कळदा प्रकाशकच करतो. आपल्या कायद्यात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क (कॉपीराइट) राहतो. म्हणून पुस्तकात घेतलेल्या दुसऱ्यांच्या आख्ख्या कविता आणि नेटवरून उचललेले फोटो यांची यादी प्रस्तावातच द्या. झाकून ठेवलेली गोष्ट छपाईच्या वेळी बाहेर येते आणि मग सगळंच अडतं.

‘खर्चात थोडा सहभाग द्याल का?’

याचा अर्थ प्रस्ताव वाईट असाच होतो, असं नाही. पण पैसे देण्याआधी किती प्रती, वितरण कोण करणार, उरलेल्या प्रती कुणाच्या, हे लेखी घ्या. करार कोणताही असो, मुदत लिहून घ्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी करारानेच हस्तांतरित होतात आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते.

एजंट शोधत असाल तर

मराठीत एजंटमार्फत, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशक गाठणाऱ्या मध्यस्थामार्फत, जायची रीत जवळजवळ नाहीच, थेट प्रकाशकाला लिहा. इंग्रजीत लिहीत असाल तर दिल्ली, जयपूरकडे साहित्यिक एजंट आहेत. त्यांना वर सांगितलेलंच सगळं लागतं, फक्त नमुना प्रकरणं बहुधा दोन-तीन. एजंट तुमच्या कमाईतून वाटा घेतो, साधारण १५ टक्के. नुसतं वाचायचे पैसे आधी मागितले तर तिथून निघा.

तीन महिने काही कळलं नाही तर एकदा आठवण करा, दर सोमवारी नको. आणि पत्राच्या शेवटी फोन नंबर लिहा. सातशे वर्षांच्या एका बाजारपेठेवरचा उत्तम प्रस्ताव माझ्या कपाटावर पडून आहे, कुरिअरच्या पाकिटावरचा पत्ता पावसाने पुसलाय आणि आत नंबर नाही.