‘खुकरी’च्या १९४ जणांसाठी शाळासोबत्यांची स्मरणसंध्या कशी आखावी

१९७१ साली, भारत-पाकिस्तान युद्धाच्या वेळी, मुंबईत शाळेत असलेली मुलं आज पासष्टी-सत्तरीत आहेत. खिडक्यांच्या काचांवर चिकटवलेला काळा कागद, मोटारींचे अर्धे रंगवलेले दिवे, रात्रीचे भोंगे हे त्यांना आठवतं. कुलाब्याच्या नेव्हीनगराजवळच्या शाळांतून तर कितीकांचे वडील त्या डिसेंबरात समुद्रावर होते. अशा माजी विद्यार्थ्यांना त्या युद्धात बुडालेल्या ‘आयएनएस खुकरी’ या युद्धनौकेच्या नौसैनिकांसाठी संगीत आणि आठवणींची संध्याकाळ करायची असेल, तर तयारीला निदान तीन महिने धरा. गाण्यांची निवड शेवटी करा, आधी नावांची यादी हातात घ्या. या कार्यक्रमाचा गाभा नावं हाच आहे, संगीत त्यांना जागा करून देण्यासाठी.

प्रास्ताविकात सांगायची हकिकत सात मिनिटांत मावते. नौदलाच्या पश्चिम ताफ्यातल्या ‘खुकरी’ आणि ‘कृपाण’ या पाणबुडीविरोधी फ्रिगेट (मध्यम आकाराच्या युद्धनौका) दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधात होत्या. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पावणेनऊ-नऊच्या सुमारास ‘हंगोर’ या पाणबुडीच्या टॉर्पेडोने ‘खुकरी’ फुटली आणि काही मिनिटांतच बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, ६७ जण वाचले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं आणि ते जहाज सोडून गेले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं.

चुका नेमक्या याच भागात होतात. कराचीवर ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौकांनी हल्ला केला तो ४ डिसेंबरच्या रात्री. नौदल दिन त्याचा, ‘खुकरी’चा नव्हे. पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली, तिचा दीवशी संबंध नाही. विमानवाहू ‘विक्रांत’ त्या युद्धात बंगालच्या उपसागरात होती. आणि पडद्यावर दाखवायला इंटरनेटवरून उचललेलं छायाचित्र बऱ्याचदा दुसऱ्याच ‘खुकरी’चं निघतं. ती माझगाव डॉकने बांधलेली, १९८९ मध्ये नौदलात आलेली कॉर्व्हेट, म्हणजे छोटी युद्धनौका. २०२१ मध्ये निवृत्त झाल्यावर ती दीवला स्मारक म्हणून दिली गेली. जुन्या जहाजाच्या बाजूवर एफ १४९ असा क्रमांक होता, तो पाहून छायाचित्र निवडा. सभागृहात वाचलेल्यांपैकी किंवा गेलेल्यांच्या घरचं कुणी असेल तर चुकीचं जहाज त्यांना पहिल्या क्षणी कळतं.

नावांच्या यादीसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावरची नावं आणि दीवच्या स्मारकावरची यादी ताडून पाहा. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या याद्यांत खालच्या हुद्द्यांची नावं गळलेली असतात. एका नावाला हुद्द्यासकट पाच सेकंद धरले तर १९४ नावांना सोळा-सतरा मिनिटं लागतात. एका माणसाने वाचू नयेत; शेवटच्या पन्नास नावांपर्यंत आवाज थकतो आणि वेग आपोआप वाढतो. आठ वाचक घ्या, प्रत्येकाच्या वाट्याला चोवीस-पंचवीस नावं येतील. हुद्द्याच्या क्रमाने वाचण्यापेक्षा वर्णानुक्रमाने वाचलेलं शाळेच्या कार्यक्रमाला अधिक शोभतं, कारण हजेरी तशीच असते. जहाजावर देशभरातले लोक होते. मल्याळी, तमिळ, पंजाबी, बंगाली नावांचा उच्चार ती भाषा बोलणाऱ्याकडून आधी विचारून घ्या आणि वाचकाच्या कागदावर देवनागरीत, मोठ्या अक्षरात, एका पानावर बाराच नावं लिहा. पान उलटताना माइकजवळ आवाज येतो, म्हणून जाड कागद वापरा आणि पानं टाचू नका. माइक दोन ठेवा: एक वाचत असताना दुसऱ्याने आपल्या माइकसमोर येऊन उभं राहायचं.

नावांखाली फक्त तानपुरा. ॲपवरचा तानपुरा चालतो, पण तो स्पीकरच्या तारेतून थेट द्या. फोन माइकसमोर धरला की घरघर ऐकू येते. आवाज इतकाच ठेवा की नाव संपल्यावर तो कानाला कळेल.

बिगुलाचा विचार तानपुऱ्याच्या पट्टीबरोबरच करा. आपल्याकडच्या बँडमधला बिगुल बहुधा बी-फ्लॅटचा, म्हणजे काळी पाचचा असतो. त्याला दाबायच्या कळा नाहीत, त्यामुळे पट्टी बदलता येत नाही. नावांखालचा तानपुरा काळी पाचला लावला तर पुढे येणारी ‘लास्ट पोस्ट’, म्हणजे गेलेल्या सैनिकांना मानवंदना देणारी बिगुलाची धून, त्याच षड्जातून उगवल्यासारखी वाटते. काळी एकवर लावला तर बिगुल बेसूर वाटतो, आणि दोष बिचाऱ्या वाजवणाऱ्याला जातो. वाजवायला शाळेच्या एनसीसी पथकातला मुलगा किंवा मुलगी मिळाली तर फार चांगलं. निदान दोन तालमी त्याच सभागृहात घ्या. वाजवण्याआधी दहा मिनिटं बाहेर ओठ आणि वाद्य दोन्ही गरम करायला हवेत. गार बिगुल सुरात उतरलेला असतो आणि वरचा स्वर फुटतो. त्याला माइक देऊ नका. सभागृहाच्या मागच्या टोकाला किंवा गॅलरीत उभं करा.

वेळ उलटी मोजा. ‘लास्ट पोस्ट’ बरोबर पावणेनऊला यावी, म्हणून नावं आठ पंचविसाला सुरू करा आणि कार्यक्रम सव्वासातला. सुरुवातीला बासरीवर किंवा सारंगीवर आठ मिनिटांचा आलाप. मारवा हा राग सूर्यास्ताचा, डिसेंबरात सव्वासातपर्यंत त्याची वेळ उलटलेली असते. पूरिया कल्याण घ्या. मग हकिकत, मग आठवणी आणि मधे दोन समूहगीतं. नावांच्या आधी पंधरा मिनिटं मोकळी धरा, ती बोलणाऱ्यांत हमखास खर्च होतात. शेवटी ‘लास्ट पोस्ट’, दोन मिनिटं स्तब्धता, ती संपल्याची ‘राउझ’ ही बिगुलाची धून आणि राष्ट्रगीत. त्यानंतर आभारप्रदर्शन नको. आभार छापील पत्रिकेत माना.

समूहगीतांत पहिलं शाळेची प्रार्थना असू द्या. ती सगळ्यांना पाठ असते आणि जहाजावरच्या सर्व धर्मांच्या माणसांसाठी म्हणायला तिच्यात अडचण येत नाही. पण शाळेतली पट्टी आता झेपणार नाही. दोन-तीन स्वर खाली उतरवा आणि पहिल्या तालमीतच पट्टी ठरवून पेटीवर खूण करा. सावरकरांचं ‘सागरा प्राण तळमळला’ समुद्र म्हटला की सुचतं. थोर गीत आहे, पण त्यातली तळमळ मायभूमीला परत जाण्याची आहे. घ्यायचं तर नावांच्या आधी घ्या, नंतर नको. ढोलताशा आणि वाद्यवृंदाचा गजर या संध्याकाळी नकोच. थेट प्रक्षेपण करणार असाल तर ध्वनिमुद्रित गाणं लावू नका, हक्कांमुळे आवाज मधेच बंद होतो. स्वतः गायलेलं पारंपरिक गीत किंवा प्रार्थना सुरक्षित.

आठवणी सांगायला सहा जण पुरेत, प्रत्येकी चार मिनिटं. आधी घरी जाऊन ध्वनिमुद्रण करा: पंखा बंद, फोन विमान मोडवर, तोंडापासून वीतभर अंतरावर. ‘तुम्हाला काय वाटलं?’ असं विचारलं की भाषण मिळतं. ‘काचांना कागद कोणी लावला? भोंगा वाजल्यावर घरात कुठे बसायचात? दुसऱ्या दिवशी वर्गात कोण आलं नव्हतं?’ असं विचारा. पाहिलेलं आणि नंतर ऐकलेलं वेगळं लिहून ठेवा. पन्नास वर्षांत दोन्ही एकमेकांत मिसळतात, त्यात सांगणाऱ्याचा दोष नसतो. मुद्रण ऐकून चार मिनिटांचा मजकूर त्यांच्याच शब्दांत लिहून द्या आणि तो वाचूनच सांगायची विनंती करा.

गेलेल्यांच्या घरच्यांना निमंत्रण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत आणि लवकर पाठवा. त्यांना मंचावर बोलायचा आग्रह करू नका. बोलावंसं वाटलं तर जागा ठेवा. नाव वाचताना कॅमेरा त्यांच्या चेहऱ्याकडे वळवायचा नाही, हे छायाचित्रकाराला आधीच बजावा. १९४ पणत्यांची कल्पना सुंदर आहे, पण उघड्यावर वाऱ्याने पणती विझते आणि ती नेमकी कुणाच्या तरी नावाची असते. लावायच्या तर बंद सभागृहात, काचेच्या पेल्यात.

मैदान टाळण्याचं आणखी एक कारण आहे. शाळांभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो, तसा असेल तर तिथे उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राष्ट्रध्वज स्वतःच्या निर्णयाने अर्ध्यावर उतरवू नका. सरकारी आदेशाशिवाय तसं करणं हा कायद्याने ध्वजाचा अपमान ठरतो. व्यासपीठाला ध्वज गुंडाळणंही चालत नाही. निधी गोळा करायचा असेल तर ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिन निधीसाठी प्रवेशद्वारापाशी पेटी ठेवा, मंचावरून आकडे जाहीर करू नका.

पुढच्या वर्षी दीवला जायचं ठरलं तर स्मारक चक्रतीर्थ किनाऱ्याजवळच्या टेकडीवर आहे. तारेच्या आणि थर्माकोलच्या पुष्पचक्राऐवजी सुट्या पाकळ्या न्या. कार्यक्रमाची सर्व ध्वनिमुद्रणं, वाचलेली यादी आणि उच्चारांचे कागद एका पेनड्राइव्हवर घालून तीन ठिकाणी द्या: शाळेच्या ग्रंथालयात, माजी विद्यार्थी संघाकडे आणि आलेल्या प्रत्येक कुटुंबाला. फाइलच्या नावात सांगणाऱ्याचं नाव, तारीख आणि गाव लिहा, आणि प्रत उघडते का हे दुसऱ्या संगणकावर तपासूनच सुपूर्द करा.