नागपूरच्या रस्त्यांवर चालवायच्या सायकलसाठी पंक्चररोधक टायर कसा निवडावा

पंक्चररोधक टायर घ्यायला गेलेला ग्राहक दुकानात पाय ठेवताच कंपनी विचारतो. त्याआधी आपल्या सायकलची आजवरची पंक्चरे कशाने झाली, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे, कारण टायरमधला संरक्षक पट्टा काही ठरावीक पंक्चरेच अडवतो. कमी हवा, सरकलेली रिमपट्टी किंवा वजनाच्या मानाने फार अरुंद टायर यांमुळे होणाऱ्या पंक्चरांपुढे महागातला महाग टायरही हतबल असतो, आणि मग त्याच्या नावाने खडे फोडण्यात अर्थ नसतो.

हा तपास जुन्या ट्यूबवरच करता येतो. ट्यूबच्या रस्त्याकडील बाजूला एकच बारीक भोक असेल तर काटा, काच, खिळा किंवा तार आत शिरली होती असे समजावे. शेजारी शेजारी दोन लहान चिरा असतील तर खड्ड्याच्या काठावर आपटताना ट्यूब टायर आणि रिम यांच्या मध्ये चेमटली गेली, म्हणजे हवा कमी होती. भोक रिमकडच्या बाजूला असेल तर स्पोकच्या टोकावरची रिमपट्टी सरकली किंवा फाटली आहे. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटले असेल तर कमी हवेमुळे ट्यूब टायरच्या आत सरकत होती. यांपैकी फक्त पहिल्या प्रकारासाठी पंक्चररोधक टायर लागतो. पंक्चर काढणाऱ्याला ठिगळ लावण्यापूर्वी भोक दाखवायला सांगावे. त्याचे घमेले समोरच असते आणि पाण्यात बुडबुडे कुठून येतात ते पाहायला पैसे पडत नाहीत.

रस्त्यावर काय पडलेले असते

नागपुरात पहिल्या प्रकारचे पंक्चर करणाऱ्या वस्तू भागाभागानुसार बदलतात. गोरेवाडा, अंबाझरी, सेमिनरी हिल्स किंवा शहराच्या कडेच्या मोकळ्या भूखंडांजवळून जाणाऱ्यांना बाभळीचे आणि वेड्या बाभळीचे काटे भेटतात. पावसाळ्यानंतर जमीन सुकू लागली की याच ठिकाणी सराट्याची पाळी येते. सराट्याचे फळ वाळल्यावर साधारणपणे पाच तुकड्यांत फुटते आणि त्या प्रत्येक तुकड्याला टणक काटे असतात. तुकडा कसाही पडला तरी एखादे टोक वर राहतेच. हा काटा जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरचा असतो, म्हणून चांगला पट्टा असलेला टायर त्याला ट्यूबपर्यंत पोचू देत नाही. बाभळीचा काटा मात्र कित्येक सेंटीमीटर लांब असू शकतो, आणि तो सरळ उभा लागला तर कोणत्याही टायरने हमी देऊ नये.

जिथे घरे किंवा रस्ते यांचे बांधकाम चालू असते, तिथे सळ्या बांधायच्या बायंडिंग वायरचे तुकडे विखुरलेले असतात. कळमना किंवा कॉटन मार्केटच्या बाजूला लाकडी पेट्यांचे बारीक खिळे, इतवारी-गांधीबागेत खोक्यांच्या पिना, तर हिंगणा एमआयडीसीकडे लोखंडाचा कीस, असा हा ऐवज असतो. वर्धा रोड आणि अमरावती रोडवर आणखी एक वस्तू आहे जी डोळ्यांना सहज दिसत नाही: ट्रकच्या झिजलेल्या रेडियल टायरमधून सुटलेली केसासारखी पोलादी तार. ती पट्ट्यातून हळूहळू आत सरकते, हवा रात्रभरात उतरते, आणि घमेल्यातही बुडबुडा मोठ्या मुश्किलीने दिसतो.

काच बाराही महिने असते. पावसाळ्यात मात्र तिचा त्रास वाढतो. पाणी काचेचे बारीक तुकडे वाहून रस्त्याच्या कडेला, म्हणजे नेमके सायकल चालते तिथे, आणून टाकते, आणि ओले रबर कोरड्या रबरापेक्षा सहज कापले जाते. सिमेंटच्या रस्त्यांवर कडेची माती आणि कचरा मुख्य रस्ता आणि गट्टू यांच्यामधल्या फटीत साचतो. त्या फटीपासून हातभर आत सायकल चालवली तर टायर न बदलताही पंक्चरे कमी होतात.

पट्टा कशाचा आणि किती जाड

पंक्चररोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरमध्ये ढोबळमानाने दोन तऱ्हा असतात. पहिल्या तऱ्हेत ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबराच्या, खाली घट्ट विणलेला पातळ पट्टा असतो. तो नायलॉनचा किंवा अ‍ॅरामिड धाग्याचा असतो. ड्यूपाँ कंपनीत १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून पुढे आलेले केव्लार हे अ‍ॅरामिडचेच एक व्यापारी नाव. अशा पट्ट्याने वजन फारसे वाढत नाही आणि काचेच्या धारेला तो चांगला अडवतो, कारण धारेला धागे कापावे लागतात. सुईसारख्या टोकाचे मात्र तसे नसते. बारीक काटा किंवा तार विणीच्या दोन धाग्यांमधून वाट काढते.

दुसऱ्या तऱ्हेत ट्रेड आणि ट्यूब यांच्यामध्ये लवचीक रबराचा जाड थर असतो, आणि इथे सगळा भरवसा अंतरावर असतो: टोक आत शिरले तरी ते ट्यूबपर्यंत पुरत नाही. श्वाल्बे या जर्मन कंपनीच्या मॅरेथॉन टायरमध्ये हा थर ३ मिलिमीटरचा, तर मॅरेथॉन प्लसमध्ये ५ मिलिमीटरचा असतो. त्यावर ट्रेडचे रबर वेगळे. सराट्याच्या काट्याची लांबी आठवली म्हणजे ३ मिलिमीटरचा थरही त्याला का पुरतो आणि पातळ अ‍ॅरामिड पट्टा का कमी पडतो, हे लक्षात येते.

जाड थराची किंमत पैशांखेरीज वजनातही मोजावी लागते. ३७ मिलिमीटर रुंदीचा मॅरेथॉन प्लस जवळपास ९०० ग्रॅमचा भरतो, आणि असा टायर सिग्नलवरून निघताना जड वाटतो. गीअर नसलेल्या सायकलवर हा फरक अधिक जाणवतो. नागपूर बऱ्यापैकी सपाट असल्यामुळे एकदा वेग धरला की त्रास राहत नाही. तरीही रोजचा रस्ता धरमपेठ ते सीताबर्डी एवढाच आणि झाडलेला असेल, तर ५ मिलिमीटरच्या थराचे ओझे विनाकारण वाहण्यात हशील नाही. माझे मत असे की शहरात नोकरी-शाळेसाठी सायकल वापरणाऱ्या बहुतेकांना ३ मिलिमीटरच्या आसपासचा रबरी थर पुरतो. सर्वांत जाड टायर एमआयडीसीत रोज जाणाऱ्यांनी, काटेरी कडेच्या रस्त्याने येणाऱ्यांनी आणि वाटेत पंक्चर झाले तर दुकान सापडणार नाही अशांनी घ्यावा.

खोक्यावर किंवा टायरच्या बाजूवर केवळ «पंक्चर प्रोटेक्शन» लिहिलेले असेल तर त्यावर भिस्त ठेवू नये. टायर हातात घेऊन मधला भाग अंगठा आणि तर्जनी यांत चिमटीत धरावा, मग बाजूचा भाग तसाच धरावा. मधला भाग ठळकपणे जाड लागला आणि दाबल्यावर किंचित स्पंजासारखा वाटला, तर आत रबरी थर आहे. दोन्हींत फारसा फरक लागला नाही तर तिथे एक तर पातळ विणलेला पट्टा आहे किंवा काहीच नाही. बाजूच्या भागाला बहुतेक टायरमध्ये कसलेच चिलखत नसते, हेही याच चाचणीत कळते.

मापाचे आकडे

टायरच्या बाजूवर इंचांतले माप मोठ्या अक्षरांत असते, पण इंचांवर विसंबून आणलेला टायर पुष्कळदा परत करावा लागतो. ३७-६२२ असे जे छोटे आकडे उठावात असतात, त्यांतला पहिला रुंदीचा आणि दुसरा रिमवर बसणाऱ्या कडेच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. हायब्रिड सायकलींवर आणि २९ इंची म्हणवल्या जाणाऱ्या माउंटन बाइकवर तो ६२२ असतो, २७.५ इंचीवर ५८४, २६ इंची माउंटन बाइकवर ५५९, तर जुन्या काळ्या रोडस्टरच्या २८ × १½ मापात ६३५. म्हणजे २८ इंच म्हणून ६२२चाही टायर मिळतो आणि ६३५चाही, आणि ते एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत.

पहिल्या आकड्याला थोडी मोकळीक असते. फ्रेम, मडगार्ड आणि ब्रेक यांच्यात जागा असेल तर आहे त्यापेक्षा रुंद टायर बसवावा. शहरासाठी ३५ ते ४७ मिलिमीटरची रुंदी सोयीची आहे. सिमेंटच्या रस्त्यावरून खाली उतरताना काठ बरेचदा चार बोटे उंच असतो, आणि तिथे २८ मिलिमीटरच्या टायरमधली ट्यूब चेमटायला एक चुकलेली उडी पुरते. खरेदीपूर्वी टायर आणि मडगार्ड यांच्यातले अंतर पट्टीने मोजून न्यावे. जाड थराचा टायर त्याच रुंदीच्या साध्या टायरपेक्षा थोडा उंचही बसतो.

रोडस्टर वापरणाऱ्यांना ६३५च्या मापात पंक्चररोधक टायरचे मोजकेच पर्याय मिळतात. त्यांनी दोन-तीन दुकाने फिरून जाड ट्रेडचा देशी टायर घ्यावा आणि आत टायर लायनर, म्हणजे टायर व ट्यूब यांच्यामध्ये बसणारी प्लॅस्टिकची पट्टी, टाकावी. लायनरची दोन टोके जिथे एकमेकांवर येतात तिथे कडा घासून गोल कराव्यात, नाहीतर ती धारच ट्यूबला भोक पाडते. जुनी ट्यूब कापून आत घालायचा आपल्याकडचा उपायही चालतो. त्याने सायकल जड होते, बाकी तक्रार नाही.

ट्यूबमध्ये टाकायचे सीलंट बारीक काट्यांच्या भोकांना चांगले बुजवते, परंतु ते टाकण्यासाठी आतला भाग काढता येणारा व्हॉल्व्ह लागतो आणि नागपूरच्या उन्हात ते लवकर सुकते, म्हणून अधूनमधून पुन्हा भरावे लागते. हवा न लागणारे भरीव टायर मी सुचवणार नाही. त्यांत पंक्चर होतच नाही हे खरे. पण ते जड चालतात आणि गट्टूंवरचा प्रत्येक हादरा मनगटाला आणि स्पोकला पोचवतात.

हवा आणि ऊन

दाबाची मर्यादा टायरच्या बाजूवर छापलेली असते. साधारण ७० किलो वजनाच्या माणसाने ३७ मिलिमीटरच्या मागच्या टायरमध्ये ६० ते ६५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचे एकक) हवा ठेवावी, पुढच्यात थोडी कमी. साध्या ट्यूबमधून हवा आपोआप झिरपत राहते, त्यामुळे आठ-दहा दिवसांनी दाब तपासावा आणि तो दाब दाखवणारा काटा असलेल्या पंपाने तपासावा. अंगठ्याने दाबून पाहण्याची रीत जाड थराच्या टायरबाबत फसवी ठरते, कारण असा टायर हवा कमी असतानाही कडक लागतो.

उन्हाळ्यात टायर फुटेल या भीतीने अनेक जण हवा कमी करतात. गणित करून पाहिले तर असे दिसते की सकाळी ३० अंशांना ६० पीएसआय भरलेला टायर उन्हात उभा राहून ६० अंशांपर्यंत तापला, तरी आतला दाब सुमारे ६७ पीएसआय होतो. छापील मर्यादा ८० किंवा ८५ असेल तर यात धोक्याचे काही नाही. मे महिन्यात टायर फुटतात ते तडकलेल्या बाजूमुळे, रिमवर नीट न बसलेल्या कडेमुळे, आणि ट्यूब गळू लागते ती सोल्युशन तापून सुटलेल्या जुन्या ठिगळामुळे. हवा कमी केल्याने यांतले काहीच सुधारत नाही. उलट ट्यूब चेमटण्याची शक्यता वाढते.

एकच टायर घेण्याइतके पैसे असतील तर तो मागे बसवावा. स्वाराच्या वजनाचा मोठा भाग मागच्या चाकावर असतो, शिवाय आडवा पडलेला खिळा पुढचे चाक उभा करते आणि तो मागच्या चाकात शिरतो.

बसवताना आणि नंतर

जाड थराचा टायर कडक असतो, आणि घाईत स्क्रू ड्रायव्हर घालून चढवला तर नवी ट्यूब बसवतानाच पंक्चर होते. टायर आधी अर्धा तास उन्हात ठेवावा. एवढ्या कामासाठी तरी आपले ऊन उपयोगी पडते. रिमपट्टी जागेवर आहे ना ते पाहून एक कड चढवावी, किंचित हवा भरलेली ट्यूब आत बसवावी, आणि दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूपासून चढवायला घेऊन व्हॉल्व्हपाशी संपवावी. शेवटचा वीतभर भाग अडला तर चढलेली कड सगळीकडून चिमटत रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलावी, म्हणजे ढील मिळते. थोडे साबणाचे पाणी चालते. टायरवरची छापील खूण व्हॉल्व्हसमोर येईल असे बसवले, तर पुढे कधी पंक्चर झाल्यावर ट्यूबवरच्या भोकावरून टायरमध्ये काटा कुठे रुतला आहे ते लगेच शोधता येते. तो काटा किंवा तार न काढता नुसते ठिगळ लावणे म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकान गाठणे होय. आतून हात फिरवण्याऐवजी कापसाचा बोळा फिरवावा. बारीक तारही त्याचे धागे ओढून धरते.

दर महिन्याला चाक हळूहळू फिरवून ट्रेड पाहावा आणि अर्धवट रुतलेल्या काचा टोकदार चिमट्याने उपटून काढाव्यात, कारण प्रत्येक फेऱ्यात त्या थोड्या आणखी आत जातात. झिजलेल्या ट्रेडमधून आतल्या थराचा किंवा पट्ट्याचा वेगळा रंग डोकावू लागला, किंवा बाजूच्या भेगांमधून धागे दिसू लागले, की टायर बदलावा. पत्र्याच्या शेडखाली किंवा उन्हात उभ्या राहणाऱ्या सायकलवर हे दुसरे लक्षण पहिल्याच्या आधी येते.