पोरगं पुण्यात एमपीएससी करतंय? मग फोनवर हे विचारा

सदाशिव पेठेत माझी मेस आहे. जेवायला येणारी बरीचशी पोरं-पोरी स्पर्धा परीक्षावाली, मराठवाड्या-विदर्भाकडची. निकाल लागला की गावाकडून मला फोन येतात, "काकू, आमचा फोन उचलत नाही, जरा बघता का?" त्या सगळ्यांना जे सांगते ते लिहूनच काढते. मी डॉक्टर नाही, पण कोण जेवतंय आणि कोण नाही हे मला आधी कळतं.

मेसमध्ये खाड्यांची वही असते. गावी जाताना पोरं सांगून जातात, तेवढे दिवस बिलातून वजा. सांगून केलेल्या खाड्याची काळजी नसते. न सांगता खाडे पडायला लागले, रोज चारचौघांत बसून जेवणारा डबा रूमवर मागवायला लागला, की मी लक्ष ठेवते. परत आलेल्या डब्याचं झाकण उघडायचं. भात चिवडलेला, चपात्या घडी न मोडता वाळलेल्या. एखाद्या दिवशी भाजी आवडली नसेल, चालायचंच. पण दोन आठवडे असंच चाललं, शिवाय रात्रभर जाग, दुपारपर्यंत अंथरुणात, अभ्यासिकेतली जागा रिकामी, अंघोळीचाही कंटाळा, तर त्याला आळस म्हणू नका.

तुम्हाला गावाहून डबा दिसत नाही. तुमच्याकडे फक्त फोन, आणि तो असा होतो: "जेवलास का?" "हो." "अभ्यास चाललाय ना?" "हो." "बरं, ठेवतो." यातून काय कळणार? हो-नाहीवर भागणार नाही असं विचारा. आज भाजी कसली होती? रात्री झोप कधी लागली? चहाला कोणाबरोबर जातोस? हा शेवटचा सगळ्यात कामाचा, कारण पेठेत चहा एकट्याने पिण्याची पद्धतच नाही. चहाचा ग्रुप सुटला असेल तर का सुटला ते हळूच काढून घ्या.

कट-ऑफ विचारू नका. शेजारचा पोरगा पीएसआय झाला हे तुमच्या आधी त्याला टेलिग्रामवर कळलेलं असतं. "रान विकून शिकवतोय" हेही ऐकवू नका; ते तो विसरलेला नसतो, तेच उरावर घेऊन झोपतो. त्याच्या हातात किती कमी आहे तेही बघा. 2024ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा 25 ऑगस्टला होती, झाली 1 डिसेंबरला. 2025पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. पर्याय निवडायची सवय लागलेल्यांना पानंच्या पानं लिहायचा सराव नव्याने. भाडं मात्र महिन्याच्या महिन्याला. आणि मुलगी असेल तर "नाही जमत तर लग्नाचं बघू" हे तोंडातून काढूच नका. मनाच्या आजारावर लग्न हा उपचार नाही.

आता अवघड ते. "मी नसलो तर तुमचा खर्च तरी वाचेल" असं बोलला, एकाएकी सगळ्यांची उधारी भागवायला लागला, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटायला लागला, किंवा फार खचलेला असताना अचानक अगदी शांत झाला, तर आडून आडून नको. सरळ विचारा, "बाळा, जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्याने ते डोक्यात शिरतं ही भीती खोटी आहे, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर शपथा घालू नका, ओरडू नका. "कधीपासून वाटतंय?" एवढं विचारा आणि ऐका. त्याला एकटं सोडायचं नाही. रूममेटला सोबत बसायला सांगा आणि मिळेल त्या गाडीने निघा. तो काही करून घेण्याच्या बेतात असेल तर लगेच 112. पोलिसांच्या धाकाने लपवालपवी करू नका. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली आहे असंच धरलं जातं, आणि त्याची काळजी घेणं, उपचार करणं ही सरकारची जबाबदारी आहे.

एवढी वेळ आली नसेल तरी 14416 लावा. ही सरकारची टेली-मानस, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आईवडिलांनीही लावली तर चालते. प्रत्यक्ष दाखवायचं तर पुण्यात ससूनला मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. पोरगं अठराच्या वरचं असतं, तेव्हा त्याला विचारून सोबत जा आणि डॉक्टरांशी त्याला एकट्याला बोलू द्या. बाहेर आल्यावर "काय सांगितलंस?" म्हणून उलटतपासणी नको.

गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला दोन-तीन आठवडे, कधी जास्तही लागतात. आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून बंद करायच्या नाहीत, आणि बरं वाटलं म्हणूनही मनाने सोडायच्या नाहीत. गावातलं कोणी अंगारा देणारं असेल, श्रद्धा असेल तर लावा, पण गोळी चुकवू नका.

काही दिवस घरी न्यायचं ठरलं तर आधी घरातलं फवारणीचं औषध हलवा. कुलपात, किल्ली तुमच्याकडे, शक्यतो घराबाहेरच. आल्या आल्या पाहुण्यांची रांग लावू नका. शेतात, दुकानात झेपेल तेवढं काम द्या, झोपेची वेळ बांधून द्या. परीक्षा सोडायची की नाही हा विषय पहिल्या महिन्यात काढू नका, पुस्तकंही रद्दीला घालू नका. पेठेतल्या कॉटचं डिपॉझिट, अभ्यासिकेची फी हे मित्र बघून घेतात. माझ्या बिलाचं नंतर बोलू.