रेस अडकते? तेल सोडण्याआधी या चुका टाळा

मोटरसायकलची मूठ सोडली तरी रेस उतरत नाही म्हटलं, की हात आधी तेलाच्या बाटलीकडे जातो. पहिली चूक तीच. दोष मुठीत आहे, केबलमध्ये की कार्बोरेटरमध्ये (इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण देणारा भाग), हे कळल्याशिवाय थेंबही सोडू नका.

इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण पिळा आणि सोडा. ती खटकन मागे यायला हवी. येत नसेल तर केबलचं खालचं टोक मोकळं करा. आता मूठ आपोआप परतणार नाही, कारण परतवणारी स्प्रिंग कार्बोरेटरला असते. त्याला बिघाड समजू नका. फक्त फिरते किती हलकी ते पाहा. जड वाटली तर वरचं टोकही काढून तार हाताने ओढा. तार सरसर चालते? मग दोष मुठीचा. नवी ग्रिप बसवताना ती स्विचच्या डबीपर्यंत दाबली जाते आणि घासते. बाहेरच्या टोकालाही तसंच. दोन्हीकडे १-२ मिमी फट ठेवा.

तार अडखळली तर कारण आपल्या हवामानातही असू शकतं. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. शेताच्या बांधावर दिवसभर उन्हात उभ्या गाडीच्या केबलचं आवरण तडकतं, पावसाळ्यात त्यातून पाणी शिरतं, तार गंजते. त्यात जाड ग्रीस भरलं, की काळ्या मातीची धूळ बसून त्याचा चिकटा होतो. केबल उभी टांगा, वरच्या टोकाला पॉलिथिनचा शंकू रबराने बांधा आणि शिलाई मशीनच्या तेलाचे ८-१० थेंब सोडा. तार वर-खाली करत राहा, खालून स्वच्छ तेल ठिबकेपर्यंत. आत प्लास्टिकची नळी असलेल्या केबलला तेल लागत नाही. टोकाशी एक जरी धागा तुटलेला दिसला तर केबल बदला. डाग देऊन चालवणं म्हणजे नसती जोखीम.

केबल ठीक, तरी अडकतंय? जुन्या पद्धतीच्या, स्लाइड असलेल्या कार्बोरेटरची टोपी उघडा. स्लाइड म्हणजे केबलने वर-खाली होऊन हवेची वाट उघडणारा तुकडा. स्लाइडवरची उभी खाच आतल्या पिनवर बसायला हवी आणि तिरकी कापलेली बाजू एअर फिल्टरकडे. उलटी बसवली तर स्लाइड पूर्ण खाली येत नाही, रेस चढलेलीच राहते. ओरखडे दिसले म्हणून पॉलिश पेपर मारू नका. फट वाढते, मग आयडलिंग, म्हणजे मूठ न पिळता इंजिन संथ चालू राहणं, कधीच जमत नाही. आणखी एक सहसा न सुचणारी गोष्ट: कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीच्या (मॅनिफोल्डच्या) दोन नटांवर ताकद लावली, की कार्बोरेटरची बॉडी किंचित वाकते आणि चांगली स्लाइडही अडकते. नट ढिले करून पाहा. स्लाइड लगेच सुटली, तर गुन्हेगार पान्हाच.

बीएस-६ इंजेक्शनच्या गाडीत कार्बोरेटरच्या जागी थ्रॉटल बॉडी असते, तिचा स्टॉप स्क्रू फिरवू नका. आतल्या बटरफ्लायभोवतीचं (हवेची वाट उघडणाऱ्या गोल झडपेभोवतीचं) काळं कीट कापडावर क्लीनर घेऊन पुसा. थेट फवारा सेन्सरपर्यंत जातो.

जोडणी झाल्यावर मुठीची मोकळी चाल, म्हणजे केबल ओढली जाण्याआधी मूठ फिरते तेवढं अंतर, मोजा. पुष्कळ गाड्यांना २ ते ६ मिमी चालते, पण मॅन्युअलमधला आकडा खरा. मग गाडी न्यूट्रलमध्ये मेनस्टँडवर चालू करून हँडल डावीकडून उजवीकडे शेवटपर्यंत फिरवा. रेस किंचितही चढली तर केबल ताणली जातेय. टाकी उचला आणि केबल फ्रेमच्या क्लिपमधून मूळ मार्गाने न्या.